बागेतल्या नेपाळी सोबत्याशी ओळख कशी काढू?

प्रश्न : रत्नागिरीजवळ एका बागायतदाराकडे मी आंबा पॅकिंगला असतो. राखणीला, काढणीला दरवर्षी नेपाळी गडी येतात. एकाच आवारात राहतो, पण बोलणं कामापुरतं. सगळे त्यांना ‘बहादूर’च म्हणतात. ओळख वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी हंगाम बघा. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) मारून उतरलेल्या माणसाला गप्पा नको असतात. दिवाळीनंतर गडी आले की मोहोर राखायच्या दिवसांत संध्याकाळी सवड असते, तेव्हाच बसा. बाटलीवर ओळख काढू नका, सकाळी त्याला झाडावर चढायचं असतं.

नाव विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. ‘बहादूर’ हे पुष्कळांचं मधलं नाव असतं, सगळ्यांचं नव्हे. मग जिल्हा. अछाम, बाजुरा, डोटी, कैलाली अशी नावं ऐकू येतील. हा सगळा नेपाळचा पश्चिम टोकाचा भाग. ‘कागद आहेत का?’ हे मात्र विचारू नका. 1950च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला व्हिसा लागत नाही. पोलीस ठाण्यात कळवायचं ते मालक बघेल. सोबत्याने चौकशी केली की माणूस मिटतो.

त्यानेच कागद पुढे केले, तर मदतीला बसा. नागरिकतेच्या दाखल्यावर जन्मतारीख बहुधा विक्रम संवतातली असते. बँकेच्या फॉर्मवर 2055 तसंच उतरवलं की फॉर्म परत येतो. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत जन्म असेल तर 57 वजा करा, त्यानंतरचा असेल तर 56. म्हणजे 2055चा भदौ (भाद्रपद) म्हणजे 1998, फाल्गुन म्हणजे 1999. त्यांचे महिने सौर आहेत, आपल्या पंचांगातला पौष धरू नका. नेमक्या तारखेसाठी नेपाळी पात्रो, म्हणजे त्यांची दिनदर्शिका बघा, ते त्याच्या मोबाइलवर बहुतेक असतंच.

पैशांचं बोलताना कुठले रुपये ते विचारून घ्या. भारतीय 100 म्हणजे नेपाळी 160, हा दर 1993पासून बांधलेला आहे. घराला 8 लाख लागले म्हणाला आणि ते नेपाळी असतील, तर आपले 5 लाख. गावी जाणाऱ्याच्या हाती रोकड देत असेल, तर त्याला बँकेतली भारत-नेपाळ रेमिटन्सची, म्हणजे नेपाळला पैसे पाठवायची सोय सांगा. त्याचं इथल्या बँकेत खातं असेल तर एका वेळी 2 लाखांपर्यंत जातात. रोख भरायचे तर 50 हजारांपर्यंत, तेही वर्षात 12 वेळाच. नाव आणि खाते क्रमांक पासबुकावरून उतरवा, तोंडी ऐकून नको.

एखादा गडी बारमाही असेल, तर नवरात्र सोडू नका. घटस्थापनेला तेही जव पेरतात. दशमीला वडीलधारे दही-तांदळाचा लाल टिळा लावून कानामागे ते अंकुर खोवतात. टिळा कोजागिरीपर्यंत चालतो, त्यामुळे दसऱ्याला जमलं नाही तरी पाच दिवस हातात असतात.