खिडकी कुठली घ्यावी?

पुण्याहून दिल्लीमार्गे गुवाहाटीला निघालायस ना? मग दिल्लीनंतरच्या टप्प्याला डावीकडची, म्हणजे ‘ए’ सीटच घे. विमान पूर्वेला जातं आणि हिमालय राहतो उत्तरेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असली की आधी एव्हरेस्ट, मग ८,५८६ मीटरचं कांचनगंगा, ढगांतून वर आलेलं. नजर हटत नाही! येताना अर्थातच उजवीकडची ‘एफ’.

लोहगाव ते दिल्ली सकाळचं विमान असेल तर ऊन उजवीकडून येतं, म्हणून तिथेही डावीच बाजू बरी. पंखावरच्या रांगा टाळ. लगेच मागच्याही नकोत, इंजिनाच्या गरम हवेनं समोरचं सगळं थरथरताना दिसतं. मी शक्यतो सहावी-सातवी रांग घेतो. फोटो काढताना मोबाइल काचेजवळ धर, पण टेकवू नकोस. खिडकीचे जादा पैसे पडले तरी दे.