‘मतदान करा’ हे आवाहन सगळ्यांवर सारखंच चालतं का?

नाही. एकाला जे पत्र वाचून लाज वाटते, त्याच पत्राने दुसऱ्याचं डोकं फिरतं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑगस्ट २००६च्या प्राथमिक निवडणुकीआधी (हिच्यात पक्षांचे उमेदवार ठरतात) एक प्रयोग झाला. काही घरांना टपालाने यादी गेली: तुम्ही आणि तुमचे शेजारी, मागच्या निवडणुकांत कोणी मत दिलं, कोणी नाही. वर तंबी, की निवडणुकीनंतर सुधारित यादी पाठवू! (कोणाला मत दिलं ते गुप्त, दिलं की नाही, याची नोंद तिथे उघड असते. आपल्याकडे बोटावरची शाई काय ती चुगली करते.) पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के, यादी मिळालेल्यांत ३७.८. नुसतं ‘कर्तव्य करा’ म्हटलं तिथे ३१.५.

पण ही झाली सरासरी. पुढे २०१३मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजून पाहिलं. नव्या अनुभवांना मोकळी असलेली माणसं बहुतेक प्रकारच्या आवाहनांना प्रतिसाद देतात, असं दिसलं. बाकीच्या गुणांचा परिणाम मात्र मजकुरावर ठरतो. मला वाटतं, आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरसकट एकच मेसेज फिरवणारे इथेच फसतात.