रस्ते अपघातांचा आर्थिक-सामाजिक खर्च कसा काढतात? विम्याच्या दाव्यांची बेरीज पुरते का?

नाही पुरत. भरपाई म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा. समाजाचं नुकसान वेगळं मोजावं लागतं.

आधी अपघात आणि जखमींचे आकडे दुरुस्त करा. पोलीस नोंदीत किरकोळ जखमी आणि एकटेच पडलेले दुचाकी-सायकलस्वार बरेचदा नसतात, म्हणून त्या रुग्णालयाच्या नोंदींशी जुळवा. मृत्यूसाठी अपघातानंतर 30 दिवसांपर्यंतचा निकष धरतात. मग खर्च लावा: वाहनाचं नुकसान, पोलीस आणि कोर्टाचा खर्च दर अपघातामागे. उपचार आणि बुडालेली कमाई दर जखमी किंवा मृत व्यक्तीमागे. इथे गल्लत झाली की सगळं गणित बिघडतं.

बुडालेल्या कमाईवर व्याजदराचा परिणाम फार मोठा असतो. वर्षाला 3 लाख कमावणाऱ्याची 25 वर्षं गेली, तर साधी बेरीज 75 लाख. 5 टक्के दराने आजचं मूल्य (म्हणजे पुढे मिळणारे पैसे आज किती धरायचे ते) सुमारे 42 लाख, 10 टक्क्यांनी 27 लाख. म्हणून दर लिहिल्याशिवाय आकडा देऊच नका.

बुडालेली कमाई मोजण्याच्या या पद्धतीत गृहिणी आणि वृद्ध यांचं मोल जवळजवळ शून्य, तर मुलांचं कमी येतं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. घरकामाला निदान बदली कामगाराची मजुरी लावा. दुसरी पद्धत म्हणजे धोका थोडा कमी करायला लोक किती पैसे मोजतील हे विचारणं. त्यात वेदना-दुःखही येतं, पण त्यात पूर्ण कमाई पुन्हा जोडली तर दुहेरी मोजणी होते. कायमचं अपंगत्व आणि घरच्यांनी सोडलेली नोकरी मात्र विसरू नका.