छोटा व्यवसाय आहे, युएक्स रिसर्चला (म्हणजे लोकांना आपली वेबसाइट वापरताना कुठे अडतं, हे तपासायला) एजन्सी परवडत नाही. स्वतः करता येईल का?

येईल, आणि सुरुवातीला तुम्हीच केलेलं बरं. या विषयातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब प्रसिद्ध आहे: ५ जणांना साइट वापरायला दिली तरी साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. (किरकोळ ग्राहक आणि दुकानदार असे दोन वेगळे गट असतील, तर प्रत्येकातले ३-४ घ्या.)

माणसं मात्र नात्यातली नकोत. वेबसाइट असूनही जे व्हॉट्सअ‍ॅपवरच ऑर्डर देतात, त्यांना आधी गाठा. खरं दुखणं तिथेच कळतं.

'साइट आवडली का?' हे विचारूच नका. आपल्याकडे तोंडावर कोणी 'नाही' म्हणत नाही. त्यापेक्षा काम द्या. समजा लोणच्यांचा धंदा आहे: 'नागपूरच्या मावशींना अर्धा किलो लिंबाचं लोणचं पाठवा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.' फोन त्यांचाच असू द्या. मग गप्प बसा. ते अडकले की 'अहो, ते वरचं बटण दाबा' असं सांगायची जबर इच्छा होते; मालकाला हेच सगळ्यात जड जातं. सांगितलंत, की चाचणी संपली.

दोघं-तिघं एकाच जागी अडखळले तर तेवढं आधी दुरुस्त करा. किती लोक विकत घेतील, हे मात्र यातून कळणार नाही.