पेजमेकरवर काम चालत असताना विंडोज ११ घ्यावे का?

तुमच्या छापखान्यात विंडोज १० वर पेजमेकर ७ हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर आणि जुने मराठी फॉन्ट वापरले जातात, तेव्हा विंडोज ११ घ्यावे की आहे तेच चालू ठेवावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे काम करतो. माझ्या मते नवे अवश्य घ्यावे, परंतु जुन्या संगणकाला हात न लावता.

विंडोज १० ला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ग्राहकांचे पेनड्राइव्ह आणि ईमेल ज्या संगणकावर रोज उघडले जातात, तो दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे; मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस ज्या त्रुटीतून पसरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, पण ती न घातलेले संगणक त्याला बळी पडले.

खरा प्रश्न मात्र तुमच्या जुन्या फाइलींचा आहे. पेजमेकर ७ ही २००१ सालची शेवटची आवृत्ती, आणि तिच्या फाइली थेट उघडणारे इनडिझाइनची (पेजमेकरनंतरचे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर) शेवटची आवृत्ती म्हणजे सीएस ६. त्यातच जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. एका कुटुंबाच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती माझ्याकडे आली, तेव्हा जुना संगणक मी आधीच मोडीत काढला होता. शेकडो पाने पुन्हा टंकित करावी लागली, आणि त्या नावांमधल्या चुका शोधताना घरातल्या वडीलधाऱ्यांना झालेला त्रास मला आजही बोचतो.

म्हणून जुना संगणक नेटपासून तोडून केवळ जुन्या कामांसाठी ठेवावा आणि नवी कामे दुसऱ्या संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक असलेल्या प्रमाण पद्धतीत करावीत. जुनी पुस्तके पुनर्मुद्रणाला येतील तशी रूपांतरित करावीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होतो, युनिकोडमध्ये नेमके उलट. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन करताना या दोन जागा डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांचा मजकूर नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर जोडाक्षरे तुटतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आहे त्याच संगणकावर विंडोज ११ घालायचे झाल्यास टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर लागतो. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच मिळते आणि त्यात ३२ बिटचे ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) चालत नाहीत, म्हणून फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (ते चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली) असेल तर त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याकडून आधी विचारून घ्यावे.