डॅन्यूबच्या प्रवासासाठी कॅमेरा निवडताना

जर्मनीतील पासाउ ते हंगेरीतील बुडापेस्ट या डॅन्यूब नदीवरील बोटीच्या प्रवासासाठी आपण तीन-चार लेन्सचे ओझे नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४-१०५ मिमीची, म्हणजे रुंद दृश्यापासून दूरच्या वस्तूपर्यंत चालणारी, एक झूम लेन्स दिवसासाठी पुरेशी आहे, कारण ऑस्ट्रियातील मेल्क ते क्रेम्स या वाखाउ खोऱ्यातील सुमारे ३६ किलोमीटरच्या टप्प्यात ड्युर्नस्टाइन गावातील चर्चचा निळा-पांढरा मनोरा वळणानंतर समोर येतो आणि लेन्स बदलेपर्यंत मागे पडलेला असतो. ट्रायपॉड घरीच ठेवावा. बुडापेस्टच्या संसद भवनाची रोषणाई टिपताना डेकच इंजिनाबरोबर थरथरत असल्याने, एफ/१.८ची (जास्त प्रकाश आत घेणारी) छोटी ३५ मिमी लेन्स आणि वाढवलेला आयएसओच (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) खरा उपयोगी पडतो. झूमखेरीज तेवढी लेन्स मात्र जरूर सोबत घ्यावी. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी, गारठ्यात ती लवकर उतरते.