‘मत्तयकृत’मधील ‘कृत’

प्रश्न असा आहे : बायबलमध्ये येशूचे जीवन व शिकवण सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत; त्यांपैकी ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ या मराठी शीर्षकातील ‘कृत’वरून ते पुस्तक येशूच्या मत्तय या शिष्यानेच लिहिले, असे मानता येईल का?

केवळ त्या शब्दावरून मानता येणार नाही, कारण ‘कृत’ हा शब्द भाषांतरकारांचा आहे. ग्रीक शीर्षकात ‘काता मथ्थायोन’ असे आहे आणि ‘काता’चा सरळ अर्थ ‘अनुसार’, ‘प्रमाणे’ असा होतो. ‘कालिदासकृत’ म्हटले की कर्त्याविषयी शंका उरत नाही. ‘मत्तयानुसार’ म्हटले, तर मजकुराला मत्तयाचा आधार सांगितला जातो, एवढेच कळते. अर्थात ‘काता’ने लेखकत्व नाकारले जाते, असेही नाही. शुभवर्तमान एकच, सांगणारे चार, ही कल्पना त्या शब्दामागे असावी. एरवी ग्रंथकाराचे नाव षष्ठीत देण्याची ग्रीकांची रूढ पद्धत येथे का सोडली, हे नीट उलगडत नाही.

शिवाय शीर्षक हा मूळ मजकुराचा भाग नव्हे. चारही शुभवर्तमानांत लेखक स्वतःचे नाव कोठेच सांगत नाही. मत्तयाला जकातनाक्यावरून बोलावल्याचा प्रसंगही (९:९) तृतीयपुरुषी आहे; पण सीझरही स्वतःविषयी असेच लिहीत असे, तेव्हा त्यावर फार भर देऊ नये. अधिक वजनाचा मुद्दा असा, की मार्कच्या शुभवर्तमानातील मजकुराचा फार मोठा भाग, पुष्कळदा त्याच ग्रीक शब्दांत, मत्तयाच्या पुस्तकात आला आहे आणि येशूबरोबर वावरलेल्या शिष्याने तसे नसलेल्या लेखकावर एवढे विसंबावे, हे अनेक अभ्यासकांना पटत नाही. ही पुस्तके साधारणपणे इ. स. ७० ते १०० या काळातील मानली जातात, तर चारही नावे एकत्र आणि स्पष्टपणे आढळतात ती इ. स. १८०च्या सुमारास, लियाँचा बिशप इरेनियस याच्या लेखनात.

‘शुभवर्तमान’ हा अनुवाद मात्र नेमका आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली बातमी’ असा असून जुन्या मराठी पत्रांतही ‘वर्तमान’ म्हणजे बातमीच. ‘वर्तमानपत्र’ त्यातूनच आले.

तेव्हा पुस्तकाचा निर्देश करताना रूढ ‘मत्तयकृत’ खुशाल लिहावे. लेखकत्वाची किंवा ऐतिहासिकतेची चर्चा असेल, तेथे ‘मत्तयाच्या नावावर असलेले’ असे लिहिणे मला अधिक काटेकोर वाटते.